कोडमधली न वापरलेली व्हेरिएबल्स आणि इम्पोर्ट : आधी विचारा, मग काढा

कपाशीच्या हिशोबपट्टीचं एक छोटं फंक्शन घेऊ. जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही जिनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडेल असं. वजन, दर आणि ओलावा आत जातात, रक्कम बाहेर येते. मधल्या दोन ओळी अशा:

ओलावा_कपात = वजन * दर * (ओलावा - ८) / १००
रक्कम = वजन * दर

शेवटी फंक्शन 'रक्कम' परत देतं. एडिटरमध्ये 'ओलावा_कपात' हे नाव फिक्कट दिसतं आणि लिंटर (कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणारं साधन) सांगतो की या व्हेरिएबलला किंमत दिली, पण ते कुठेच वापरलेलं नाही. नुकताच कामाला लागलेला मुलगा ती ओळ पुसतो. वॉर्निंग जाते, टेस्ट पास होतात.

आता आकडे घाला. १२ क्विंटल कपाशी, ७,००० रुपये दर, ओलावा १० टक्के. ८ टक्क्यांच्या वरच्या प्रत्येक टक्क्याला रकमेतून एक टक्का कपात धरली, तर १,६८० रुपये वजा होऊन ८२,३२० यायला हवेत. फंक्शन ८४,००० देत होतं आणि ओळ पुसल्यावरही ८४,०००च देतंय. कपात काढली होती, वजा करायची राहिली होती. हे सांगणारी एकमेव खूण म्हणजे ती वॉर्निंग, आणि नेमकी तीच पुसली गेली. (८ चा आकडा हवेतला नाही. सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) हमीभाव खरेदीसुद्धा ८ टक्के ओलावा पाया धरून चालते, १२ टक्क्यांपर्यंत कपात करून माल घेतात.)

या विषयावरच्या बहुतेक सूचना 'ऑटोफिक्स चालवा आणि मोकळे व्हा' एवढ्यावर संपतात. माझं मत वेगळं आहे. न वापरलेलं नाव दिसलं की प्रश्न एकच: हे काढायचं राहिलंय, की वापरायचं राहिलंय? उत्तर मिळेपर्यंत डिलीटच्या बटणाला हात लावायचा नाही.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या.

पायरी १ : फक्त मोजदाद करा, काही बदलू नका

पायथनसाठी आज सगळ्यात सोपं म्हणजे रफ हा लिंटर. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन 'रफ चेक --सिलेक्ट एफ४०१,एफ८४१' चालवा. एफ४०१ म्हणजे न वापरलेला इम्पोर्ट (दुसऱ्या फाइलीतला कोड आणणारी ओळ), एफ८४१ म्हणजे फंक्शनच्या आत किंमत देऊन सोडून दिलेलं व्हेरिएबल. हे क्रमांक फ्लेक८ या आधीच्या लिंटरमधून आलेत, आणि तिथलं खरं काम पायफ्लेक्स करतो. त्यामुळे तुमच्याकडे जुनं फ्लेक८ असेल तरी हेच कोड दिसतील.

जावास्क्रिप्टला ईएसलिंट या लिंटरचा 'नो-अनयूज्ड-व्हार्स' हा नियम, तो शिफारस केलेल्या संचात आधीपासूनच असतो. त्याची एक गोष्ट चांगली आहे: ज्या व्हेरिएबलमध्ये नुसतं एक-एक मिळवत जाता, पण ते कुठे वाचत नाही, त्यालाही तो न वापरलेलंच धरतो. टाइपस्क्रिप्टमध्ये कंपायलरलाच सांगता येतं. 'नोअनयूज्डलोकल्स' आणि 'नोअनयूज्डपॅरामीटर्स' हे दोन पर्याय टीएसकॉन्फिग या सेटिंगच्या फाइलीत ट्रू करा. सोबत टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटचा त्याच नावाचा नियम लावणार असाल, तर ईएसलिंटचा मूळ नियम बंद ठेवा. नाहीतर खोटे इशारे येतात.

जावाचा कंपायलर याबाबत तोंडच उघडत नाही. इक्लिप्स किंवा इंटेलिजे हे एडिटर तेवढं दाखवतात. सी आणि सी++ मध्ये जीसीसी या कंपायलरला '-डब्ल्यूऑल' द्या. फंक्शनचे न वापरलेले पॅरामीटर हवे असतील तर सोबत '-डब्ल्यूएक्स्ट्रा'ही लागतं. रस्ट स्वतःहून वॉर्निंग देतो.

गो मात्र सासूबाई आहे. फंक्शनच्या आतलं व्हेरिएबल किंवा फाइलचा इम्पोर्ट वापरला नाही, तर प्रोग्राम बिल्डच होत नाही. वॉर्निंग वगैरे लाड नाहीत, थेट एरर. पॅरामीटर आणि पॅकेजच्या पातळीवरची व्हेरिएबल्स मात्र तीही सोडून देते.

जाता जाता एक: वरच्या उदाहरणातली मराठी नावं पायथन ३ मध्ये खरोखर चालतात, फक्त किमतींचे आकडे इंग्रजी (0 ते 9) लागतात. गोमध्ये 'दर' चालेल, पण 'भाव' चालणार नाही, कारण काना-मात्रा-वेलांटी ही चिन्हं गोच्या व्याख्येत अक्षर म्हणून मोजली जात नाहीत.

पायरी २ : यादीतल्या प्रत्येक नावाची जात ओळखा

यादी हातात आली की साधारण चार जाती निघतात.

पहिली उरलंसुरलं. डीबग करताना घातलेला प्रिंट काढला, पण त्यासाठी आणलेला इम्पोर्ट राहिला. केळीच्या खरेदीत मृगबाग आणि कांदेबाग या लागवडीच्या दोन हंगामांचे दर वेगळे ठेवायचे होते, पुढे व्यापाऱ्याने एकच दर ठेवायला सांगितलं, आणि 'कांदेबाग_दर' हे व्हेरिएबल तसंच पडून राहिलं. हे निर्धास्त काढा.

दुसरी म्हणजे बग, वरच्या ओलाव्यासारखा. याच जातीत टायपिंगच्या चुका येतात. 'एकूण_हमाली' लिहायचं होतं, एका ओळीत 'एकुण_हमाली' झालं. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक, पण संगणकाला ती दोन वेगळी नावं. पायथन तक्रार न करता नवं व्हेरिएबल बनवतो आणि बेरीज जुन्यातच अडकते. तसंच लूपच्या आत बाहेरच्याच नावाचं दुसरं व्हेरिएबल जाहीर केलं, तर आतलं न वापरलेलं म्हणून दिसतं आणि बाहेरचं शून्यावरच राहतं. गोमध्ये ':=' आणि '=' यांची अदलाबदल झाली की हे हमखास होतं.

तिसरी मुद्दाम न वापरलेली. लायब्ररी तुमच्या फंक्शनला तीन पॅरामीटर देते आणि तुम्हाला तिसराच हवा असतो. किंवा इम्पोर्ट केल्यानेच काही काम होतं, नाव वापरायची गरज नसते.

चौथी 'पुढे लागेल' म्हणून ठेवलेली. "राहू दे ना भो, काही खायला मागतं का ते?" हे वाक्य आपल्याकडे कोड रिव्ह्यूत हमखास येतं. भो, कोडचा प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं गिट कशासाठी आहे? पुढे लागलंच तर इतिहासातून काढता येतं. ठेवलेल्या प्रत्येक निरुपयोगी नावामुळे यादी लांबते, आणि यादी लांबली की दुसऱ्या जातीतला एक खरा बग त्यात दडून बसतो. चौथ्या जातीवर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच.

जात ओळखायला गिट ब्लेमने ती ओळ कुणी, कधी घातली ते बघा. त्याहून उपयोगी 'गिट लॉग -एस' (एस कॅपिटल) आणि पुढे ते नाव. ते नाव कोणत्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) आलं आणि कोणत्या कमिटमध्ये त्याचा वापर गेला, हे दोन्ही दिसतं. वापर कुणीतरी विचार करून काढला असेल तर पहिली जात. वापर कधी नव्हताच, तर बगचा संशय धरा, आणि ज्याने ओळ लिहिली त्याला फोन लावा. छोट्या ऑफिसात तो बहुधा शेजारच्या टेबलावरच असतो.

पायरी ३ : इम्पोर्ट काढताना पाय कुठे अडकतो

व्हेरिएबलपेक्षा इम्पोर्ट फसवा असतो. जावामध्ये इम्पोर्ट म्हणजे नुसतं लांब नाव आखूड करणं, तो काढल्याने प्रोग्रामच्या वागण्यात काडीचा फरक पडत नाही. पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये मात्र इम्पोर्ट होताना समोरची फाइल वरपासून खालपर्यंत चालते. त्या फाइलीने चालताना कुठे नोंदणी केली असेल, तर लिंटरला ते दिसत नाही.

ठळक उदाहरणं सांगतो. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधले सिग्नल (एखादी घटना घडली की आपोआप चालणारी फंक्शनं) अॅपच्या 'रेडी' मेथडमध्ये इम्पोर्ट करतात. त्या नावाचा पुढे वापर शून्य, पण तो इम्पोर्ट काढला की नोंद सेव्ह झाल्यावर जाणारा मेसेज जायचा थांबतो. कुठेही एरर येत नाही, म्हणून शोधायला आणखी वेळ जातो. डेटाबेससाठीच्या एसक्यूएलअल्केमी लायब्ररीत मॉडेलची फाइल इम्पोर्ट झाली नाही, तर 'क्रिएट ऑल'ला ते टेबल माहीतच नसतं आणि ते तयार होत नाही. फ्लास्कच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये फाइलच्या तळाशी राउट्सचा इम्पोर्ट असतो, तो गेला की सगळे पत्ते ४०४ देतात. गोमध्ये डेटाबेसचा ड्रायव्हर असाच येतो, पण तिथे इम्पोर्टच्या आधी अंडरस्कोर लावावाच लागतो, त्यामुळे हेतू वाचणाऱ्याला दिसतो.

पायथनमध्ये हा हेतू लिहून ठेवायची सवय लावून घ्या. ओळीच्या शेवटी 'नोक्यूए: एफ४०१' अशी कमेंट आणि पुढे चार शब्दांत कारण: 'सिग्नल नोंदवण्यासाठी'. क्रमांक न देता नुसतं 'नोक्यूए' लिहू नका, त्याने त्या ओळीवरचे सगळेच इशारे बंद पडतात.

पॅकेजच्या '__इनिट__' फाइलीत वेगळा प्रकार असतो. तिथले इम्पोर्ट बाहेरच्यांसाठी मांडून ठेवलेले असतात, त्या फाइलीत वापरण्यासाठी नव्हे. रफ या फाइलीशी म्हणूनच जपून वागतो. सरळ उपाय म्हणजे '__ऑल__' यादीत ती नावं लिहिणं. मग लिंटर त्यांना वापरलेली धरतो.

आणि तारांकित इम्पोर्ट, म्हणजे 'अमुक मॉड्यूलमधून सगळं आण', असेल तर आधी तो मोडा. कोणतं नाव कुठून आलं हेच ठरवता येत नसेल, तर लिंटर काय सांगणार? लागणारी नावं एकेक करून लिहिली की अर्धी साफसफाई तिथेच होते.

रिअॅक्टवाल्यांसाठी: आवृत्ती १७ पासून जेएसएक्स (जावास्क्रिप्टमधलं एचटीएमएलसारखं लिखाण) लिहायला प्रत्येक फाइलीत रिअॅक्ट इम्पोर्ट करायची गरज नाही, पण बिल्डमध्ये नवीन जेएसएक्स ट्रान्सफॉर्म चालू असेल तरच. जुन्या बेबेल सेटिंगवर असाल तर ती ओळ काढल्यावर पान कोरं दिसेल. आधी सेटिंग तपासा.

इम्पोर्ट काढण्याचा वेळेतला फायदा मोजायचा असेल, तर पायथनला '-एक्स इम्पोर्टटाइम' (एक्स कॅपिटल) देऊन प्रोग्राम चालवा. प्रत्येक मॉड्यूल लोड व्हायला किती मायक्रोसेकंद लागले ते छापून येतं. एका तारखेसाठी अख्खं पांडाज (तक्ते-आकडेवारीची मोठी लायब्ररी) आणलेलं दिसलं की काय काढायचं ते सांगावं लागत नाही. वेबसाठी मुद्दा आणखी थेट आहे. वेबपॅक किंवा रोलअप ही फाइली एकत्र बांधणारी साधनं न वापरलेला भाग झाडून टाकतात खरी, पण कॉमनजेएस या जुन्या पद्धतीच्या लायब्ररीपुढे त्यांचं फारसं चालत नाही, म्हणून लोडॅश घेतलं की ते अख्खंच्या अख्खं सोबत येऊ शकतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात, जिथे नेटवर्कची एक दांडी येते आणि जाते, तिथल्या फोनवर तुमचं पान उघडायचं असेल तर हे किलोबाइट मोजावेच लागतात.

पायरी ४ : मुद्दाम सोडलेल्या नावाला अंडरस्कोर लावा

'हे मला नकोय, आणि मला ते माहीत आहे' हे सांगायची जवळपास सगळ्या भाषांमधली खूण म्हणजे अंडरस्कोर. पायथनमध्ये जोडी उलगडताना नको असलेल्या जागी अंडरस्कोर. रस्टमध्ये नावाच्या आधी लावला की वॉर्निंग थांबते. ईएसलिंटला मात्र 'आर्ग्जइग्नोअरपॅटर्न' देऊन हे शिकवावं लागतं. एक सवलत तो स्वतःहून देतो: शेवटचा पॅरामीटर वापरला असेल तर त्याच्या आधीच्या न वापरलेल्यांवर ओरडत नाही. जावामध्ये ही सोय २०२४ साली आवृत्ती २२ बरोबर आली. सी++१७ मध्ये 'मेबी_अनयूज्ड' नावाचं विशेषण आहे.

रस्टमध्ये एक बारकावा आहे आणि तो चांगल्या चांगल्यांना चकवतो. नुसत्या अंडरस्कोरला दिलेलं नवीन मूल्य तिथल्या तिथे सोडून दिलं जातं. '_कुलूप' असं नाव दिलं तर ते ब्लॉक संपेपर्यंत जिवंत राहतं. म्युटेक्सचं (एका वेळी एकालाच आत सोडणारं) लॉक घेताना नुसता अंडरस्कोर लिहिलात, तर लॉक घेतल्याक्षणी सुटतं आणि पुढचा सगळा कोड उघड्यावर राहतो, म्हणून आताचा रस्ट अशा ओळीवर सहसा एररच देतो. सी++ मधल्या लॉक गार्डचंही असंच. त्या व्हेरिएबलला पुन्हा कुणी हात लावत नाही, पण ते असणं हेच त्याचं काम.

पायरी ५ : आता काढा, पण वेगळ्या कमिटमध्ये

पहिल्या जातीचे इम्पोर्ट यंत्राने काढा. 'रफ चेक --सिलेक्ट एफ४०१ --फिक्स' पुरे. ऑटोफ्लेक वापरत असाल, तर तो मुळात पायथनच्या स्वतःच्या लायब्ररीतलेच न वापरलेले इम्पोर्ट काढतो. बाकीच्यांसाठी '--रिमूव्ह-ऑल-अनयूज्ड-इम्पोर्ट्स' द्यावं लागतं. गोसाठी गोइम्पोर्ट्स, इंटेलिजेत कंट्रोल-ऑल्ट-ओ, व्हीएस कोडमध्ये शिफ्ट-ऑल्ट-ओ.

व्हेरिएबल्स हाताने काढा. रफ स्वतःच एफ८४१ ची दुरुस्ती 'अनसेफ' धरतो आणि वेगळी परवानगी दिल्याशिवाय करत नाही, ते बरोबरच आहे. हाताने काढताना उजवी बाजू वाचा. 'पावती = नोंद_साठवा(माल)' या ओळीत 'पावती' कुठे वापरली नसेल, तर जायला हवं ते डावीकडचं नाव. अख्खी ओळ पुसली तर माल साठवलाच जाणार नाही. आणि एक व्हेरिएबल गेलं की त्याला पोसणारं दुसरं उघडं पडतं, त्यानंतर एखादा इम्पोर्ट. म्हणून लिंटर यादी कोरी होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवा.

या सगळ्याची कमिट वेगळी ठेवा, त्यात दुसरा कुठलाच बदल नको. दुसऱ्या जातीतले बग प्रत्येकी स्वतंत्र कमिटमध्ये, सोबत टेस्ट. सीझन ऐन भरात असताना हिशोब चुकायला लागले, तर साफसफाईची कमिट एका कमांडने मागे घेता आली पाहिजे. खरं तर दिवाळीनंतर जिनिंग जोरात असतात तेव्हा हे काम काढूच नका. पावसाळ्यात निवांत करा.

पायरी ६ : पुन्हा जमू देऊ नका

प्री-कमिटमध्ये (कमिटच्या आधी चालणाऱ्या हुकमध्ये) रफ किंवा ईएसलिंट लावा, म्हणजे कमिट करतानाच अडेल. पण तो हुक ज्याच्या त्याच्या मशीनवर असतो आणि हुक टाळणारं '--नो-व्हेरिफाय' सगळ्यांना पाठ असतं. म्हणून तीच कमांड सर्व्हरवर कोड आपोआप तपासणाऱ्या सीआयमध्येही ठेवा.

जुन्या प्रोजेक्टमध्ये शेकडो इशारे असतील तर पहिल्याच दिवशी सगळं अडवू नका, लोक आठवड्याभरात सीआय बंद करायला लावतील. 'रफ चेक --अॅड-नोक्यूए' आजच्या प्रत्येक इशाऱ्याच्या ओळीवर कमेंट टाकून देतो. ईएसलिंटच्या अलीकडच्या आवृत्तीत '--सप्रेस-ऑल' तेच काम एका वेगळ्या फाइलीत करतो. त्यानंतर फक्त नव्या चुका अडतात, जुन्या सवडीने संपवता येतात. निरुपयोगी झालेल्या नोक्यूए कमेंट शोधायला रफमध्ये आरयूएफ१०० हा नियम आहे, तो चालू ठेवा.

एडिटरमध्ये 'सेव्ह केल्यावर इम्पोर्ट आपोआप काढ' हे सेटिंग मला आवडत नाही. आधी इम्पोर्ट लिहिला, सवयीने सेव्ह केलं, की तो गायब. मग पुन्हा लिहा. लिहिताना नुसतं फिक्कट दिसू द्या, काढायचं काम कमिटच्या वेळी.

लिंटरला न दिसणारं

वरची सगळी साधनं मुख्यतः एका फाइलीपुरतं बघतात. पायफ्लेक्स मॉड्यूलच्या पातळीवरच्या व्हेरिएबलला हात लावत नाही, कारण ते दुसरी फाइल वापरत असू शकते. कुणीच बोलवत नसलेलं फंक्शनही त्याला दिसत नाही. त्यासाठी पायथनमध्ये व्हल्चर आहे. तो प्रत्येक संशयिताला खात्रीची टक्केवारी देतो: इम्पोर्टला ९०, फंक्शन आणि क्लासला ६०. सुरुवात '--मिन-कॉन्फिडन्स ९०' ने करा. ६० वर आलात की जँगोचे व्ह्यू, टेम्प्लेटमधून बोलावलेल्या मेथड असे बरेच निर्दोष यादीत येतात, त्यामुळे तिथे प्रत्येक नाव सगळ्या प्रोजेक्टमध्ये, एचटीएमएलसकट शोधूनच काढा. जावास्क्रिप्टसाठी निप हे साधन न वापरलेल्या फाइली, एक्स्पोर्ट आणि पॅकेजेस एकत्र दाखवतं.

इम्पोर्ट गेले की त्यांची पॅकेजेस मागे राहतात, तीही बघा. गोमध्ये 'गो मॉड टायडी' चालवलं की झालं. पायथनच्या रिक्वायरमेंट्स फाइलीसाठी डेपट्राय वापरा, पण डेटाबेस ड्रायव्हर किंवा गुनिकॉर्न या वेब सर्व्हरसारखी पॅकेजेस कोडमध्ये इम्पोर्ट न होताही लागतात, ती यादीतून काढण्याआधी एक कोरं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवून त्यात प्रोग्राम सुरू करून बघा.